कुत्र्याच्या भांड्यात कच्चं मांस टाकावं का? गोरेवाड्याचे वाघ, उदगीरचे कावळे आणि रीलवरचा सल्ला

डिसेंबर २०२४ संपता संपता नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले आणि जानेवारीच्या सुरुवातीला निदान समोर आलं, एच५एन१. म्हणजे बर्ड फ्लू.

पिंजऱ्यातल्या वाघाला पक्ष्यांचा आजार झाला कसा? संशयाची सुई वळली ती त्यांना खायला दिल्या जाणाऱ्या कच्च्या कोंबडीच्या मांसाकडे.

त्यानंतर काही दिवसांतच लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कावळे मरून पडायला लागले. आकडा पन्नासच्या आसपास गेला आणि तपासणीत तोच विषाणू निघाला. जानेवारी २०२५ संपायच्या आत नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात, किवळा गावातल्या कोंबड्यांमध्येही बर्ड फ्लू आढळला.

या सगळ्याचा भोकरमधल्या एखाद्या घरात पाळलेल्या कुत्र्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट त्याच्या जेवणाच्या भांड्यातून जातो. कारण मोबाईलवर एक सल्ला जोरात फिरतोय: 'पाकिटातलं कोरडं खाद्य म्हणजे कचरा, कुत्र्याला कच्चं मांस द्या, ते नैसर्गिक आहे.' हा सल्ला किती खरा, किती खोटा आणि मराठवाड्यातल्या घरात तो कितपत चालेल, हे समजून घेऊया.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: कोरड्या खाद्यात ताजं अन्न मिसळायला हरकत नाही. पण ते शिजवलेलं असावं, मोजून असावं आणि आपल्या ताटातलं मसाल्याचं नसावं. कच्चं मांस, कच्ची कलेजी आणि वजडी मात्र टाळलेलीच बरी. का, ते पुढे वाचा.

हा प्रश्न आत्ताच का आला?

मराठवाड्याला कुत्रं पाळणं नवीन नाही. शेतात राखणीला, मेंढरांमागे, वाड्यावर कुत्रं असायचंच. लातूर-नांदेडच्या पट्ट्यात कारवान आणि पश्मी जातीची उंच, सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी कुत्री आजही हौसेने सांभाळली जातात. चाकूर तालुक्यातलं जानवळ गाव त्यासाठी ओळखलं जातं. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे-गाढवांच्या बाजाराइतकीच चर्चा श्वान प्रदर्शनाची असते.

३० ऑगस्ट २०२०च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी मुधोळ हाउंडसह देशी जातींचा उल्लेख केला आणि या कुत्र्यांकडे नव्याने लक्ष गेलं. इथे एक गोंधळ दूर करायला हवा. हे मुधोळ कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं आहे. भोकरवरून पुढे गेल्यावर तेलंगणात लागतं ते नव्हे.

या कुत्र्यांचं जेवण काय असायचं? ज्वारीची भाकरी, दूध किंवा ताक, घरातलं उरलंसुरलं आणि कधी खाटकाकडून आणलेलं काहीतरी. गेल्या काही वर्षांत यात पाकिटातल्या कोरड्या खाद्याची भर पडली. लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन तालुक्याच्या गावी पोहोचले आणि त्यांच्यामागे हे खाद्यही आलं. कंपनी कोणतीही असो, बोलताना त्याला 'पेडिग्री'च म्हटलं जातं.

म्हणजे मराठवाड्यातला गोंधळ अमेरिकेपेक्षा वेगळा आहे. तिकडे लोक पाकिटाकडून ताज्या अन्नाकडे वळतायत. इकडे अनेक घरं आत्ता कुठे भाकरीकडून पाकिटाकडे आली आहेत आणि लगेच मोबाईल सांगतोय की पाकीटही चुकीचं आहे. मग नेमकं करायचं काय?

त्या कोरड्या गोळ्यांमध्ये असतं तरी काय?

कुत्र्यासाठी तयार खाद्य विकायची सुरुवात १८६०च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट यांच्या बिस्किटांपासून झाली. आज दिसतात त्या फुगलेल्या गोळ्या १९५०च्या दशकात आल्या. धान्य, मांसाची पूड, चरबी, जीवनसत्त्वं आणि खनिजं यांचं पीठ प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली यंत्रातून बाहेर काढायचं, ही त्यामागची पद्धत.

या खाद्याचा मोठा फायदा चवीचा नाही, प्रमाणाचा आहे. पाकिटावर 'संपूर्ण आणि संतुलित' असं लिहिलेलं असेल, तर कुत्र्याला लागणारे सगळे घटक त्यात ठरलेल्या प्रमाणात असायला हवेत. 'पूरक' असं लिहिलं असेल तर ते एकट्याने पुरत नाही. हे दोन शब्द वाचायची सवय लावली तरी अर्धं काम होतं.

मग हे खाद्य शंभर टक्के सुरक्षित आहे का? तसंही नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत एका कंपनीच्या कोरड्या खाद्यातून साल्मोनेला हा जिवाणू पसरला आणि अमेरिका-कॅनडात मिळून ४९ माणसं आजारी पडली. २०२०च्या शेवटी तिथेच खाद्यातल्या बुरशीच्या विषामुळे शंभराहून जास्त कुत्री मेल्याची नोंद झाली.

भारतात आणखी एक मुद्दा येतो. अन्नसुरक्षा कायदा, २००६ हा माणसाच्या अन्नासाठी आहे, कुत्र्याच्या खाद्यासाठी नाही. म्हणून दुकानात उघड्या पोत्यातून सुटं तोलून मिळणारं खाद्य घेताना दहा वेळा विचार करा. कंपनी कुठली, तारीख कोणती, ओल लागली होती का, यातलं काहीच कळत नाही. पावसाळ्यात तर त्यावर बुरशी धरायला वेळ लागत नाही.

'कच्चं खाऊ घाला' हे आलं कुठून?

या विचाराला लोकप्रिय केलं ते इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्याने. १९९३ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी मांडलं की कुत्र्याला कच्ची, मांस असलेली हाडं आणि भाज्या द्याव्यात. पुढे याला 'बार्फ' असं नाव पडलं. आज इन्स्टाग्रामवर या नावाने भांडी सजवली जातात. कच्चं चिकन, वर अंडं, बाजूला ब्लूबेरी.

यामागचा युक्तिवाद साधा आहे. कुत्रा लांडग्यापासून आला, लांडगा कच्चं खातो, म्हणून कुत्र्यानेही कच्चं खावं.

पण कुत्रा लांडगा राहिलेला नाही. २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये स्वीडनच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. पिष्टमय पदार्थ पचवणारं विकर तयार करणारा एक जनुक लांडग्यात दोनच प्रतींमध्ये असतो. कुत्र्यांमध्ये त्याच्या ४ ते ३० प्रती सापडल्या. माणसाने शेती सुरू केली, त्याच्या उष्ट्यावर कुत्रा जगायला शिकला आणि त्याचं पोटही बदललं, असा त्याचा अर्थ.

म्हणजे भाकरी कुत्र्याला पचतच नाही, हा रीलवरचा दावा चुकीचा आहे. शिजलेलं धान्य कुत्रा चांगलं पचवतो. मात्र पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं, ते पुढे बघूच.

कच्च्या मांसाचा धोका कुत्र्याला की माणसाला?

दोघांनाही. पण माणसाला जास्त, आणि नेमका हाच मुद्दा रीलमध्ये नसतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१०-१२ दरम्यान पाळीव प्राण्यांच्या कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले. त्यातल्या १५ नमुन्यांत साल्मोनेला आणि ३२ नमुन्यांत लिस्टेरिया सापडला. हे पॅकबंद, दुकानात विकलं जाणारं खाद्य होतं. आपल्याकडच्या दुकानात लाकडी ठोकळ्यावर तोडलेल्या चिकनची तुलना करून बघा.

कुत्र्याच्या पोटात आम्ल तीव्र असतं, त्यामुळे असे जिवाणू खाऊनही तो अनेकदा ठणठणीत दिसतो. पण ते त्याच्या विष्ठेतून बाहेर पडत राहतात. त्याच्या तोंडावर, भांड्यावर, ओट्यावर राहतात. मग तो कुत्रा घरातल्या दोन वर्षांच्या मुलाचं तोंड चाटतो.

हे उगाच घाबरवण्यासाठी नाही. २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूने चार जण आजारी पडले, त्यातला एक दगावला. तपासात धागा पोहोचला तो कुत्र्यांना दिल्या जाणाऱ्या कच्च्या खाद्यापर्यंत. ब्रिस्टल विद्यापीठाच्या २०२२च्या अभ्यासातही कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेत औषधांना दाद न देणारे ई. कोलाय जास्त आढळले.

'आम्ही फ्रीझरमध्ये ठेवतो' हे उत्तर नेहमी मिळतं. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते. आणि दुपारी चार तास वीज गेली की ती थांबलेली वाढही पुन्हा सुरू होते. भारनियमन अनुभवलेल्या गावांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

म्हणूनच अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेने २०१२ मध्येच कुत्र्या-मांजरांना कच्चं किंवा अर्धकच्चं मांस देऊ नये अशी भूमिका घेतली. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेची पोषण समितीही तेच सांगते.

बर्ड फ्लू कुत्र्याला होतो का?

होऊ शकतो, पण क्वचित. २००४ मध्ये थायलंडमध्ये लागण झालेली बदकं खाल्लेलं एक कुत्रं मेलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये कॅनडाच्या ओशावा शहरात मेलेला रानहंस चघळल्यानंतर एक पाळीव कुत्रा दगावला, आणि त्याला एच५एन१ झाल्याचं स्पष्ट झालं.

मांजरांना याचा धोका कुत्र्यांपेक्षा बराच जास्त आहे. २०२४च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात कच्चं, गोठवलेलं खाद्य खाऊन घरातलंच मांजर मेलं. खाद्य आणि मांजर, दोन्हींत तोच विषाणू सापडला. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या प्रशासनाने कच्चं खाद्य बनवणाऱ्यांना बर्ड फ्लूचा धोका लक्षात घेऊन सुरक्षा योजना सुधारायला सांगितलं. आपल्या शेजारी मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा इथेही २०२५च्या सुरुवातीला पाळीव मांजरांमध्ये हा विषाणू आढळला.

गोरेवाड्याचे वाघ-बिबटेही मांजर कुळातलेच. त्यामुळे त्या घटनेवरून 'आता सगळी कुत्री मरणार' असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. पण त्यातून धोक्याचा रस्ता कळतो. कच्ची कोंबडी विषाणू वाहून नेऊ शकते. तीच कोंबडी ७० अंश सेल्सिअसच्या वर आतपर्यंत नीट शिजवली की विषाणू नष्ट होतो. एका उकळीचा फरक आहे.

गावात कावळे, कोंबड्या किंवा बगळे अचानक मरत असतील, तर कुत्रा मोकळा सोडू नका. मेलेला पक्षी हाताने उचलू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.

ज्याच्यावर रील होत नाही असा धोका: कलेजी, फुप्फुस आणि वजडी

बर्ड फ्लूची बातमी होते. पण मराठवाड्यासाठी त्याहून जवळचा धोका आहे एका बारीक पट्टकृमीचा. त्याचं नाव एकायनोकॉकस. लांबी जेमतेम काही मिलिमीटर.

त्याचा प्रवास असा असतो. शेळी, मेंढी किंवा गुराच्या कलेजीत, फुप्फुसात पाण्याने भरलेल्या फोडीसारखी गाठ असते. खाटीक ती कापून बाजूला टाकतो. कुत्रा ती कच्ची खातो. कुत्र्याच्या आतड्यात हजारो बारीक कृमी तयार होतात. काही आठवड्यांत त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडायला लागतात. ती मातीत, अंगणात, भाजीवर, कुत्र्याच्या केसांवर चिकटतात. तिथून माणसाच्या हातावर आणि हातातून तोंडात.

माणसाच्या शरीरात मग तशीच पाण्याची गाठ वाढू लागते, बहुतेकदा यकृतात किंवा फुप्फुसात. याला हायडॅटिड आजार म्हणतात. ती इतकी हळू वाढते की कळायला काही वर्षं जातात. लहानपणी अंगणात झालेली लागण तरुणपणी सोनोग्राफीत दिसते. अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत ठेवलंय.

आणि कुत्रा? त्याला काहीच होत नाही. तो जेवतो, पळतो, राखण करतो. त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

जत्रा असो, कंदुरी असो, जावळ असो की बकरी ईद, बकरं घराजवळ किंवा शेतात कापलं जातं तेव्हा आतला नको असलेला भाग कुत्र्यापुढे टाकायची जुनी सवय आहे. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, उलट वाया जाऊ नये हाच विचार असतो. पण या साखळीचा सगळ्यात सोपा तुटणारा दुवा हाच आहे.

तोडायचा कसा? गाठ असलेला भाग कुत्र्याच्या हाती लागणार नाही असा खोल पुरा किंवा जाळा. कलेजी-फुप्फुस द्यायचंच असेल तर किमान अर्धा तास उकळा. कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने ठराविक काळाने जंताचं औषध द्या आणि त्यात प्राझिक्वांटेल आहे का हे विचारा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या प्रत्येक जंताच्या गोळीत हा घटक असतोच असं नाही. मुलांना कुत्र्याशी खेळल्यावर हात धुवायला लावा.

मग ताजं काहीच द्यायचं नाही का?

द्यायचं. इथे रीलवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये स्कॉटिश टेरियर जातीच्या कुत्र्यांचा अभ्यास केला. या जातीला मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो. आठवड्यातून किमान तीनदा हिरव्या पालेभाज्या किंवा पिवळ्या-केशरी भाज्या मिळणाऱ्या कुत्र्यांमध्ये हा धोका कमी दिसला. फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठाच्या २०२३च्या अभ्यासात, पिल्लू असताना घरचं उरलेलं जेवण आणि प्रक्रिया न केलेलं मांस मिळालेल्या कुत्र्यांना पुढे पोटाचे जुनाट आजार कमी झाल्याचं आढळलं.

दोन्ही अभ्यासांना मर्यादा आहेत. पहिला एकाच जातीवरचा. दुसरा मालकांनी भरलेल्या प्रश्नावलीवरचा. त्यातून 'अमुक खाल्लं म्हणून तमुक झालं नाही' हे सिद्ध होत नाही. पण ताजं अन्न वाईट नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

आणखी एक फायदा पाण्याचा. कोरड्या खाद्यात ओलावा साधारण १० टक्के असतो. शिजवलेल्या चिकनमध्ये किंवा भोपळ्यात त्याच्या कितीतरी पट. नांदेडचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पोटात जाणारा हा जास्तीचा ओलावा उपयोगी पडतो.

किती द्यायचं? १५ किलोच्या कुत्र्याचा हिशोब

पशुवैद्य साधारण एक नियम सांगतात. मुख्य खाद्याव्यतिरिक्त जे काही द्याल ते दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. तेवढ्याने मुख्य खाद्याचं संतुलन बिघडत नाही.

आकड्यात बघूया. १५ किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी लागतात. १०० ग्रॅम कोरड्या खाद्यात सुमारे ३५० कॅलरी धरल्या, तर फक्त त्यावर ठेवल्यास दिवसाला अंदाजे २४० ग्रॅम खाद्य लागेल.

याचे १० टक्के म्हणजे ८५ कॅलरी. त्यात काय बसतं?

- एक उकडलेलं अंडं, किंवा
- ५० ग्रॅम उकडलेलं, बिनहाडाचं, बिनकातड्याचं चिकन, किंवा
- दोन मध्यम वाट्या उकडलेला लाल भोपळा आणि वर थोडं चिकन.

एवढं दिलं की कोरडं खाद्य २५ ग्रॅमने कमी करायचं. हे विसरलं की कुत्र्याचं वजन वाढतं. उलट एक आख्खी ज्वारीची भाकरी २०० कॅलरींच्या पुढे जाते. म्हणजे 'थोडीशी भाकरी' म्हणून दिलेली भाकरी दिवसाच्या जेवणाचा जवळपास चौथा हिस्सा असते. द्यायची तर चतकोर, फार तर अर्धी.

नवीन पदार्थ एकदम सुरू करू नका. पहिल्या दिवशी चमचाभर, मग आठवडाभरात हळूहळू वाढवा. एका वेळी एकच पदार्थ, म्हणजे जुलाब झाले तर कारण कळेल.

काय चालेल?

- उकडलेलं चिकन, अंडं, मासे. हाडं आणि काटे काढून, मीठ-मसाल्याशिवाय.
- गाजर, लाल भोपळा, दुधी, फरसबी, पालक. उकडून, कुस्करून.
- सफरचंद बिया काढून, पपई, कलिंगड बिया-सालीशिवाय. एखाद-दुसरी फोड.
- साधं दही चमचाभर. दूध अनेक प्रौढ कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होत असतील तर आधी दूध बंद करा.

काय अजिबात नको?

- कांदा आणि लसूण. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, कोणताही. यामुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बदल दिसू लागतात. पाच किलोच्या पॉमेरेनियनसाठी म्हणजे जेमतेम एक कांदा. मटणाचा रस्सा त्यामुळेच सगळ्यात धोकादायक उष्टं ठरतं.
- द्राक्षं, बेदाणे, मनुका. मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही यात आले.
- चॉकलेट, कॉफी, चहापत्ती.
- शुगर-फ्री च्युइंगम आणि मिठाईतलं झायलिटॉल. रक्तातली साखर झपाट्याने उतरते.
- शिजवलेली हाडं. ती टोकदार फुटतात आणि आतडं फाडू शकतात. कच्च्या टणक हाडांनी दात तुटतात.
- चिकनचं कातडं, तळलेलं, तुपकट. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.
- कच्चं अंडं. त्यातला पांढरा भाग सतत दिला तर एक महत्त्वाचं जीवनसत्त्व शोषलं जात नाही, शिवाय साल्मोनेलाचा धोका आहेच.

पाकीट परवडत नाही, मग फक्त घरचं चालेल का?

हा प्रश्न गावाकडे सगळ्यात महत्त्वाचा आहे. अनेक घरांना महिन्याला कुत्र्याच्या खाद्याचा वेगळा खर्च झेपत नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पिढ्यान् पिढ्या कुत्री भाकरीवर जगली, हेही खरंच.

पण ती शेतात उंदीर, घुशी, पडलेलं काहीबाही खाऊन उरलेली गरज भागवत होती. अंगणात साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तेवढंच मिळतं जेवढं तुम्ही टाकता. नुसत्या भाकरी-दुधात प्रथिनं, जस्त आणि काही जीवनसत्त्वं कमी पडतात. नुसतं चिकन-भात दिला तर कॅल्शियम कमी पडतं. मांसात कॅल्शियमच्या तुलनेत फॉस्फरस १५ ते २० पट असतं, आणि कुत्र्याला हे दोन्ही जवळपास सारखे किंवा कॅल्शियम थोडं जास्त हवं असतं. वाढत्या पिल्लाला वर्षभर असं दिलं की पाय वाकडे होतात, हाडं ठिसूळ होतात.

'इंटरनेटवर रेसिपी आहे ना' म्हणाल, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये घरगुती खाद्याच्या २०० पाककृती तपासल्या. ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी होता. त्यातल्या अनेक चक्क पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या.

त्यामुळे पूर्ण घरचंच द्यायचं असेल तर पशुवैद्याकडून एकदा प्रमाण लिहून घ्या आणि कॅल्शियम-खनिजांची पूड कोणती, किती हे विचारा. तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर उदगीर आणि परभणी इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मधला मार्गही निघतो. अर्धं संतुलित खाद्य आणि अर्धं घरचं, पण तेही विचारून.

उन्हाळ्यात एवढं पाळाच

ओलं अन्न मिसळलं की कोरड्या गोळ्यांचं टिकाऊपण संपतं. बाहेर तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर शिजवलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त वेळ उघड्यावर ठेवू नये. म्हणजे भांड्यात उरलेलं दुपारपर्यंत तसंच ठेवून 'भूक लागली की खाईल' हे चालणार नाही. अर्ध्या तासात भांडं उचला, साबणाने धुवा. कुत्र्याचं भांडं घासायची घासणी वेगळी ठेवा.

कुणी आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं?

सहा-आठ महिन्यांच्या आतलं पिल्लू, गाभण किंवा पाजणारी कुत्री, मूत्रपिंड, यकृत किंवा मधुमेहाचा त्रास असलेलं कुत्रं, यांच्या जेवणात स्वतःहून बदल करू नका. आणि घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा केमोथेरपी सुरू असलेला रुग्ण असेल, तर कच्च्या मांसाचा विषय तिथेच संपतो. कुत्र्याला मानवतंय की नाही हा प्रश्नच उरत नाही.

रील बनवणाऱ्याचं कुत्रं शहरातल्या फ्लॅटमध्ये राहतं, त्याचं मांस पॅकबंद येतं आणि फ्रीझर कधी बंद पडत नाही. भोकरच्या अंगणात कुत्रा, कोंबड्या, शेळी आणि रांगणारं पोर एकाच मातीत असतात. तिथे सल्ला तिथल्या मातीला धरूनच घ्यावा लागतो. कुत्र्याला ताजं खायला द्यावंसं वाटणं ही मायाच आहे. फक्त ते भांड्यात टाकण्याआधी एकदा चुलीवर चढवा.